चूक कबूल, पैसेही भरले. पण माफी कुणाची मागायची?

मोहफूल

जय भीम, नमस्कार मंडळी.

एरवी मी इथे वाचायलाच येतो. आज लिहितोय, कारण ज्यांच्याशी बोलावं ती सगळी माणसं याच प्रकरणात अडकलेली आहेत. मीसुद्धा.

विदर्भातलं तालुक्याचं गाव. आमच्या वस्तीतल्या विहाराच्या समितीचा मी सचिव. विहाराचे पत्रे गळतात म्हणून दोन वर्षं पावत्या फाडून निधी जमवला. कुणी पन्नास दिले, कुणी पाचशे, कापसाचे पैसे आल्यावर एकाने पाच हजार दिले. समितीत एक सव्वीस वर्षांची मुलगी कोषाध्यक्ष होती, बीकॉम झालेली. तिने पासबुक आणि पावतीपुस्तकाच्या स्थळप्रती जुळवून पाहिल्या तर शहाऐंशी हजारांचा फरक. तिने तो बैठकीत शांतपणे विचारला. कुणावर आरोप केला नाही.

निधी गोळा करत होते आमचे गुरुजी. निवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. विहाराची जागा त्यांनी मिळवली, अर्ध्या वस्तीला वंदना त्यांनी शिकवली, मलाही. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात, भर मंचावरून, माइक हातात घेऊन ते म्हणाले की काही लोकांना दोन बुकं शिकली की म्हाताऱ्यांचा हिशोब घ्यावासा वाटतो, पैसा कुणाच्या हातून गेला ते त्या पोरीच्या घरच्यांना विचारा. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. तिचे वडील उठले, तिचा हात धरला आणि निघाले. दुसऱ्या दिवसापासून तिच्या आईशी बचत गटातल्या बाया नीट बोलेनात.

दोन महिन्यांनी गुरुजी रात्री माझ्या घरी आले. मुलाच्या दुकानाचे हप्ते थकले होते, त्यात पैसे गेले, म्हणाले. रडले. त्यांना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं. पंधरा दिवसांत कुठूनतरी उभे करून सगळे पैसे खात्यात भरले. समितीने ठराव केला: रक्कम जमा झाली, गुरुजींनी खेद व्यक्त केला, विषय संपला. बुद्धाने अंगुलिमालाला माफ केलं, आपण कोण, असं अध्यक्ष म्हणाले. ठराव माझ्याच अक्षरात आहे.

त्या मुलीकडे मात्र आजवर कोणी गेलेलं नाही. आता वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातले तीन महिने, सुरू आहे आणि दरवर्षीप्रमाणे ग्रंथवाचन गुरुजीच करणार म्हणतात. मला ते ऐकवत नाही, आणि त्यांना बाजूला करा असंही तोंडातून निघत नाही.

एक राहिलंच. बुद्धपौर्णिमेला मी मंचावर होतो. ते बोलत असताना मी मोबाइलमध्ये बघत बसलो.

---

कडुनिंब

वाचतोय. हे लिहायला हिंमत लागते.

---

शांताराम_बापू

सचिवसाहेब, राग मानू नका. पैसे परत आले, माणूस रडला. अजून काय हवंय? चाळीस वर्षं ज्याने समाजासाठी हाडं झिजवली त्याला एका चुकीपायी उभा जाळायचा का? घरातलं भांडण चव्हाट्यावर आणलं की बघ्यांची करमणूक होते, आणि आपल्या समाजाला नावं ठेवायला लोक टपलेलेच आहेत. करुणा, मैत्री हे शब्द भिंतीवर रंगवायला नसतात. अंगुलिमालाने तर माणसं मारली होती.

---

ओवरी

बापू, अंगुलिमालाची गोष्ट आपण नेहमी अर्धीच सांगतो, म्हणून उरलेली अर्धी सांगतो.

भिक्खू झाल्यावर अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा लोक त्याला ढेकळं मारतात, काठ्या मारतात. डोकं फुटलेलं, पात्र मोडलेलं, चीवर फाटलेलं अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध त्याला काय म्हणतात? सहन कर, ब्राह्मणा, तुझ्याच कर्माचं फळ तू भोगतो आहेस. लोकांनी त्याला माफ करावं, असा निरोप ते श्रावस्तीत कुणाला धाडत नाहीत. ज्यांची माणसं मेली त्यांच्या वतीने माफ करायचा अधिकार बुद्धांनी स्वतःकडे घेतलेलाच नाही. त्यांनी त्याला नवी वाट दिली, बस्स. आणि विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, पुढे असंही आहे की लोकांनी कुरकुर केल्यावर नामचीन दरोडेखोराला प्रव्रज्या (भिक्खूची दीक्षा) देऊ नये असा नियमच झाला.

तुमच्या प्रकरणाला खरी लागू पडते ती सुधम्माची गोष्ट. मच्छिकासंड गावी चित्त नावाचा गृहपती होता, संघाचा मोठा दाता. सुधम्म हा तिथला कायमचा भिक्खू. चित्त कुणालाही जेवायला बोलवायचा तर आधी सुधम्माला विचारायचा. एकदा सारिपुत्त, मोग्गल्लान वगैरे थोर मंडळी आली आणि चित्ताने न विचारता त्यांना आमंत्रण दिलं. सुधम्माला ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाक बघायला गेला आणि म्हणाला, सगळं आहे रे गृहपती, फक्त तिळाची पोळी तेवढी नाही. हा टोमणा चित्ताच्या घराण्याच्या धंद्यावर होता. म्हणजे तुमच्यासारखंच: ज्येष्ठाचा अहंकार दुखावला आणि समोरच्याचं घराणं काढलं.

सुधम्म तक्रार घेऊन बुद्धांकडे गेला तर बोलणी त्यालाच बसली. संघाने त्याच्यावर पटिसारणीय कर्म केलं. म्हणजे काय, तर जा, आणि ज्याचा अपमान केलास त्या गृहस्थाची क्षमा माग. बुद्धांची नाही, संघाचीही नाही. गंमत अशी की सुधम्म गेला आणि तोंड दाखवायची लाज वाटून तसाच परत आला. मग संघाने त्याच्यासोबत एक भिक्खू दिला. त्याला अनुदूत म्हणतात.

आता यातली बारीक कलमं बघा. सुधम्माने क्षमा मागायची. गृहस्थाने केली तर उत्तम. नाही केली तर अनुदूताने त्याच्यासाठी शब्द टाकायचा, मग संघाच्या वतीने टाकायचा. तरीही नाही केली तर? तर त्या गृहस्थाला दिसेल आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर सुधम्माने आपला दोष कबूल करायचा. एवढं झालं की त्याच्याकडून पुरं झालं. चित्ताने माफ केलंच पाहिजे, असं कुठेही नाही.

अडीच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून इतका विचार केलाय. आपण मात्र 'खेद व्यक्त केला' लिहून मोकळे होतो. कुणाकडे व्यक्त केला? समितीच्या बैठकीत. तिला ते ऐकू आलं का?

---

तिखटमीठ

ओवरी, शेवटच्या दोन ओळींसाठी तुम्हाला दंडवत.

---

गावकुसाबाहेर

मला या सगळ्याची जरा भीती वाटते. 'समाजासमोर चूक कबूल कर, समाज काय ते ठरवेल' हे वाक्य मी जातपंचायतीत ऐकलेलं आहे. माझ्या आत्याला पंचांपुढे उभं करून माफी मागायला लावली होती. तिची चूक एवढीच की तिने कोर्टात जायचं धाडस केलं. दंड भरला, पंचांना जेवण दिलं, तेव्हा 'आत घेतलं'. त्यांनाही वाटत होतं की आपण समाज जोडतोय. धर्म, संघ, पंच हे शब्द बदलतात, बाई मधे उभीच असते.

---

वकीलीण

गावकुसाबाहेर यांचा मुद्दा गंभीर आहे. म्हणून कायद्यातलं जेवढं इथे कामाचं तेवढं सांगते.

सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, २०१७ पासून लागू. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तेव्हा उद्या कुणी उत्साहाने 'गुरुजींशी बोलणं बंद करू' असं सुचवलं तर जपून. आणि त्या मुलीच्या आईशी बाया बोलत नाहीत हे नुसतं 'बायकांचं काहीतरी' म्हणून सोडून देऊ नका. ठरवून चाललं असेल तर ती साधी गोष्ट नाही.

दुसरं. विहाराचा न्यास नोंदणीकृत असेल तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली हिशेब तपासून घेणं आलंच. तुमचा ठराव काहीही म्हणो, लेखापरीक्षणात ती तूट आणि भरणा दिसला पाहिजे. पैसे परत भरले म्हणून घडलेलं पुसलं जात नाही. तक्रार करायची की नाही हा वेगळा निर्णय, पण कागद खरा हवा.

तिसरं तुमच्या प्रकरणाला लागू नाही, पण हा धागा इतर मठ-मंदिर-चर्चवालेही वाचत असतील म्हणून लिहिते. अठरा वर्षांखालच्या मुलाशी लैंगिक गैरवर्तन झालं असेल तर गोल करून बसणं, समेट, क्षमा यातलं काहीही पोलिसांच्या जागी चालत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ खाली कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला कलम २१ खाली शिक्षा आहे. 'आपल्यातच मिटवू' म्हणणारा तिथे स्वतः आरोपी होतो.

---

ओवरी

वकीलीणताई, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला विनयातही धागा आहे. संघात दोन तट पडून इतकी चिखलफेक झाली की प्रत्येकाचा दोष उकरत बसलं तर भांडण आणखी पेटेल, अशा वेळी 'तिणवत्थारक' नावाची तोड आहे. म्हणजे घाणीवर गवत पसरणं. सगळ्यांनी मिळून कबुली द्यायची आणि मागचं झाकायचं. पण दोन गोष्टी त्या गवताखाली जात नाहीत, असं स्पष्ट म्हटलंय: गंभीर अपराध, आणि गृहस्थांशी संबंधित अपराध. आपसातलं आपण झाकू शकतो. बाहेरच्या माणसाला लागलेलं झाकायचा हक्क संघाला नाही.

मोहफूल, तुमचा ठराव म्हणजे गवत आहे.

---

उत्तमक्षमा

कोल्हापूरकडचा जैन आहे, म्हणून आमच्यातलं सांगतो. दशलक्षण पर्व संपल्यावर आमच्यात, दिगंबरांत, क्षमावाणी असते, श्वेतांबरांत संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतात. अर्थ मोठा सुंदर: माझं दुष्कृत्य मिथ्या होवो. पण खरं सांगू? त्या दिवशी माझ्या मोबाइलवर शंभरेक फुलांची चित्रं येतात. ज्याच्याशी चार वर्षं बांधावरून कोर्टात भांडतोय त्या चुलतभावाचंही येतं. मीही त्याला पाठवतो. बांध तिथेच.

आजोबा म्हणायचे, ज्याच्याशी काही बिनसलेलंच नाही त्याची क्षमा मागणं सोपं. शास्त्रात प्रायश्चित्ताच्या दहा पायऱ्या आहेत आणि पहिलीच 'आलोचना', म्हणजे काय केलं ते न लपवता गुरूला सांगणं. वर 'छेद' म्हणून एक आहे, त्यात साधूच्या दीक्षेची वर्षंच कमी करतात. म्हणजे कालपर्यंत जे धाकटे होते त्यांच्याखाली आज बसायचं. माणूस संघातच राहतो, पण पाट बदलतो. तुमच्या गुरुजींना विहारातून काढायची गरज नाही. पाट तेवढा बदला.

---

शांताराम_बापू

पाट बदला म्हणणं सोपं आहे. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या जिवाला काही लागलं तर?

---

एल्मायराचा_शेजारी

कॅनडातल्या किचनरमध्ये राहतो. 'पुनर्स्थापक न्याय' (शिक्षेपेक्षा झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर) म्हणून आज जगभर जे शिकवतात त्याची एक सुरुवात आमच्या शेजारच्या एल्मायरा गावातली मानतात. १९७४ साली दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत बावीस ठिकाणी नासधूस केली. टायर फाडले, काचा फोडल्या. परिवीक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मेनोनाइट पंथाचा होता, हा शांततावादी ख्रिस्ती पंथ. त्याने न्यायाधीशांना सुचवलं की या पोरांना त्या घरांच्या दारी नेऊ द्या. पोरं दारोदार गेली, तोंडाने कबूल केलं, कुणाचं किती नुकसान झालं ते विचारलं आणि काही महिन्यांत भरपाई केली. हा किस्सा इथे कौतुकाने सांगतात.

याच पंथाचा दुसरा किस्सा सांगताना मात्र आवाज खाली जातो. जॉन हॉवर्ड योडर हा त्यांचा सर्वांत मोठा धर्मचिंतक. शांती आणि अहिंसेवरच्या त्याच्या लेखनाचं नाव जगभर. त्याने शंभराहून जास्त स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन केलं. १९९२ साली चर्चने त्याचा धर्मसेवेचा परवाना स्थगित केला आणि चार वर्षं 'शिस्त आणि समेट' अशी प्रक्रिया चालवली. सगळा जीव कशात, तर त्याला परत कसं सामावून घेता येईल यात. बायका कागदावरच राहिल्या. १९९७ मध्ये तो वारला. तो शिकवत असलेल्या सेमिनरीने (धर्मशिक्षणाच्या संस्थेने) त्या स्त्रियांपुढे जाहीर शोकप्रार्थना घेऊन चूक मान्य केली ती २०१५ मध्ये, तो गेल्यानंतर सतरा वर्षांनी.

ज्या लोकांनी जगाला ही पद्धत दाखवली त्यांचंच स्वतःच्या मोठ्या माणसापुढे असं झालं. काच फोडणारी दोन पोरं सगळ्यांना दिसतात. मंचावरचा माणूस कसा दिसणार?

---

शेवंती_८१

मला एक गोड पर्याय सुचवावासा वाटतो. व्हिएतनामी भिक्खू थिक न्हात हान्ह यांच्या फ्रान्समधल्या प्लम व्हिलेज या मठात 'नव्याने सुरुवात' असा विधी असतो. गोल बसायचं, मधे फुलदाणी. ज्याला बोलायचं तो ती उचलून आपल्यापुढे ठेवतो. ती परत जागेवर जाईपर्यंत कुणी मधे बोलत नाही. आधी समोरच्यातलं चांगलं सांगायचं, मग आपल्याला कशाचा पश्चात्ताप आहे ते, मग आपल्याला काय लागलं ते. मी एका शिबिरात अनुभवलंय. दोघांना समोरासमोर बसवलंत तर नक्की पाझर फुटेल.

---

तिखटमीठ

शेवंतीताई, तुमचा हेतू चांगला आहे, तरी लिहिते.

मी सात वर्षं एका साधनागटात होते. नाव सांगणार नाही. मी विश्वासाने एकटीत सांगितलेली गोष्ट तिथल्या मार्गदर्शकांनी 'उदाहरण' म्हणून भर सत्संगात सांगितली. नाव न घेता, पण चाळीस जणांतल्या तिसांना कळलं. मी बोलले तेव्हा सगळे फार प्रेमाने वागले. मेणबत्ती लावली, गोल केला. त्यांनी डोळे मिटून क्षमा मागितली, आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले. आता माझी पाळी होती. मिठी मारायची होती. मारली. टाळ्या वाजल्या. घरी येऊन मी अंघोळ केली.

त्या संध्याकाळी त्यांना हलकं वाटावं म्हणून मला नेलं होतं. वर्षभर मी तिथे 'अजून मनात धरून बसलेली' होते. मग सोडलं.

प्लम व्हिलेजमध्ये काय करतात मला माहीत नाही. तिथली माणसं कदाचित एका पातळीवर बसत असतील. इथे एक अडुसष्ट वर्षांचे गुरुजी आणि एक सव्वीस वर्षांची मुलगी, आणि भोवती गुरुजींनी वंदना शिकवलेली माणसं. फुलदाणी कुणाच्या हाताला जड लागेल?

एवढे प्रतिसाद झाले. बुद्ध झाले, महावीर झाले, कॅनडा झाला. सचिवदादा, तिला काय हवंय हे तुम्ही तिला विचारलंत का?

---

मोहफूल

नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, मी सोप्पं सांगतो. बुद्धाच्या काळी कोसंबी गावच्या भिक्खूंचं भांडण कशावरून लागलं माहीत आहे का? शौचाच्या भांड्यात पाणी उरवलं, एवढ्यावरून. खुद्द बुद्ध समजवायले गेले, ऐकलं नाही. शेवटी ते उठून जंगलात निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी काय केलं? या भिक्खूंना भिक्षा द्यायची नाही, उठून उभंही राहायचं नाही. पोटाला चिमटा बसला तसे गेले सारे श्रावस्तीले समेट करायले. समिती ऐकत नसंल तर पावती फाडणं बंद करा. आपोआप वळणावर येते.

---

पोर्तुगीज_चुली

अवांतर. आमच्या गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, पालीतला हा सगळा संघाचा व्यवहार त्यांनीच मराठीत आणला. त्यांचं आडनाव आणि वऱ्हाडीभाऊंच्या भांडखोर भिक्खूंचं गाव सारखं निघावं, मला नेहमी हसू येतं.

आता मुद्दा. मी ख्रिस्ती आहे. आमच्यात कुमसार असतो, म्हणजे पाद्रीपुढे पापं सांगणं. त्याचं गुपित पाद्रीने मरेपर्यंत फोडायचं नाही. लहानपणी मी शेजारणीचे आंबे चोरले आणि कुमसारात सांगून आलो. आईला वाटलं पोरगं सुधारलं. आजीने विचारलं, आंबे परत दिलेस? आणि मला शेजारणीच्या दारात उभं केलं. शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार आहे, तो येशूला म्हणतो, ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट परत देतो. चौपट. तुमच्या गुरुजींनी एकपट दिले, तेही विहाराला. मुलीच्या खात्यात काय जमा झालं?

---

मोहफूल

तिखटमीठताई, तुमचा प्रश्न आठ दिवस डोक्यात होता. काल गेलो.

एकटा गेलो. गुरुजींना सांगितलं नाही, अध्यक्षांनाही नाही. आधी तिच्या आईला फोन करून विचारलं की येऊ का. त्या म्हणाल्या, या, पण समितीकडून नका येऊ. आधी मी माझं सांगितलं, मोबाइलचं. ती म्हणाली, मला माहीत आहे, मी तुमच्याकडेच बघत होते.

पुढे बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग तिने वहीचं पान फाडून लिहून दिलं. हिशेबाच्या वहीत लिहितात तसं, नीट. गुरुजींनी घरी यायचं नाही, माझ्या पाया पडायचं नाही. जिथे बोलले तिथेच, त्याच माइकवर, पैसे कुणी घेतले ते सांगायचं. ठरावबुकात पैसे कशासाठी कमी पडले ते लिहायचं. मंचावर बसलेल्या प्रत्येकाने आपण गप्प बसलो हे स्वतःच्या तोंडाने सांगायचं. कोषाध्यक्षपद मी परत घेणार नाही, त्याबद्दल आग्रह नको. खाली एक ओळ: माफीबद्दल मला आत्ता काही सांगायचं नाही.

वर्षावास संपायच्या दिवशी, अश्विन पौर्णिमेला, खीरदानाचा कार्यक्रम असतो. गाव जमतं. तोच दिवस धरायचा म्हणतो.

---

ओवरी

दिवस नेमका धरलात. वर्षावासाच्या अखेरीची पौर्णिमा ही पवारणेची. तीन महिने एका छपराखाली राहिलेले भिक्खू त्या दिवशी एकमेकांना विनंती करतात: माझ्याबद्दल जे पाहिलं असेल, ऐकलं असेल, ज्याची शंका आली असेल ते मला सांगा. पुढचे शब्द मुळातलेच देतो, 'अनुकम्पं उपादाय', अनुकंपेपोटी सांगा, 'पस्सन्तो पटिकरिस्सामि', दिसलं की दुरुस्त करीन. अनुकंपा कुणी करायची बघा. चूक दाखवणाऱ्याने. दाखवणं हीच अनुकंपा.

आणि सुरुवात सर्वांत ज्येष्ठाने करायची असते. श्रावस्तीच्या पूर्वाराम विहारात पाचशे भिक्खूंपुढे बुद्ध स्वतः विचारतात, माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही निंद्य दिसतं का? ज्यांना विचारायची हिंमत कुणात नव्हती तेच आधी विचारतात. मुलीने हिशोब विचारला तेव्हा ती खरं तर पवारणाच करत होती. चुकलं एवढंच की बोलावणं गुरुजींकडून यायला हवं होतं.

गुरुजींसोबत अनुदूत द्या मात्र. एकट्याला पाठवू नका. बापूंची काळजी मला अगदीच खोटी वाटत नाही.

---

शांताराम_बापू

धन्यवाद.

---

मोहफूल

बऱ्याच दिवसांनी येतोय. पौर्णिमा झाली. घडलं ते सांगतो.

अनुदूत म्हणून आमच्या समितीतले एक निवृत्त एसटी कंडक्टर तयार झाले. गुरुजींचे जुने मित्र, पण तोंडावर बोलणारे. रोज संध्याकाळी ते गुरुजींकडे जाऊन बसत. माइकवर बोलायला गुरुजी पहिल्या आठवड्यातच तयार झाले. अडलं ते एका शब्दावर. गुरुजींनी लिहून आणलं, 'माझ्या बोलण्यामुळे गैरसमज झाला.' कंडक्टरकाका म्हणाले, गैरसमज कुणाचा झाला? तुम्हाला तर ठाऊक होतं. गुरुजी म्हणाले, वाक्यात तेवढी जागा तरी ठेवा माझ्यासाठी. तीन आठवडे तो 'गैरसमज' कागदावर यायचा आणि खोडला जायचा. मधे एकदा गुरुजींनी जेवणच सोडलं, त्यांच्या सूनबाईंचा मला फोन आला. मी हललो. खोटं का बोलू, मी मुलीला फोन करून विचारणार होतो की जरा सौम्य चालेल का. कंडक्टरकाकांनी नंबर लावू दिला नाही. म्हणाले, त्याचं ओझं तिच्या दारात नेऊ नको, माझ्याकडे दे. त्या रात्री ते स्वतः गुरुजींकडे झोपायला गेले. सकाळी दोघांनी मिळून भाकरी खाल्ली.

पौर्णिमेला वंदना झाल्यावर आधी मंचावरचे आम्ही पाच जण बोललो. एकेका वाक्यात. अध्यक्षांनी आपलं वाक्य फार लांबवलं, तेव्हा कंडक्टरकाका खोकले. मग गुरुजी उभे राहिले. कागद दोनदा खाली पडला. शहाऐंशी हजार रुपये मी घेतले. त्या मुलीने घेतले नव्हते, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी खोटं बोललो. एवढंच. बसले.

कुणाला काय करावं कळेना. सवयीने कुणीतरी टाळी वाजवायला हात वर केला आणि खाली घेतला. काही लोक खीर न घेताच गेले. एक आजी मला रागावल्या की म्हाताऱ्या माणसाचं हे असं करतात का रे. बचत गटाच्या दोघी रात्री तिच्या आईकडे जाऊन आल्या. बाकीच्या नाही गेल्या.

मुलगी आली नव्हती. तिचे वडील आले होते. आत आले नाहीत, फाटकापाशी मोटारसायकलवर बसून होते. गुरुजी बोलायला लागले तेव्हा त्यांनी गाडी बंद केली, आणि झाल्यावर चालू करून गेले.

ग्रंथवाचन पौर्णिमेपर्यंतच्या उरलेल्या दिवसांत कॉलेजच्या पोरांनी आळीपाळीने केलं. उच्चार चुकत होते. गुरुजी मागच्या भिंतीला टेकून ऐकायचे, मधेच ओठ हलायचे. दुरुस्त केलं नाही. पुढच्या वर्षी ते वाचतील का, माहीत नाही. तो निर्णय समितीने घेतलेला नाही आणि मीही घाई करत नाही.

---

गावकुसाबाहेर

दंड नाही, जेवण नाही, आणि बाईला उभं केलं नाही. माझ्या भीतीला उत्तर मिळालं असं म्हणणार नाही, पण वाचून बरं वाटलं.

---

वकीलीण

ठरावबुकाचं काय केलंत? जुना ठराव खोडला नाहीत ना?

---

मोहफूल

नाही ताई. तो तसाच ठेवून पुढच्या पानावर नवा ठराव लिहिला, रकमेचं कारण घालून, आणि जुन्याच्या समासात त्या पानाचा क्रमांक टाकला. लेखापरीक्षकांनाही दोन्ही पानं दाखवली. पावतीपुस्तकावर आता दोघांच्या सह्या लागतात.

---

तिखटमीठ

आणि ती?

---

मोहफूल

नागपूरला नोकरी लागली तिला, एका सीएच्या ऑफिसात. परवा तिच्या आईने निरोप दिला की पत्र्यांच्या कोटेशनची झेरॉक्स तिला पाठवा, ती बघून देईल. मी विचारलं, ती म्हणाली का तसं? आई म्हणाल्या, नाही, पण पाठवून तर बघा.

पाठवली आहेत. दोन दुकानांची आहेत, एकात वाहतूक खर्च दोनदा धरलाय असं तिचं उत्तर आलं. बाकी काही लिहिलं नव्हतं.